डोळे मिटल्यावर उरतो तो फरक

माझे मामा बँकेतून निवृत्त झाले आणि वर्षानुवर्षं मनात असलेली एक इच्छा त्यांनी पूर्ण केली. घरात चांगली म्युझिक सिस्टिम आणली. अ‍ॅम्प्लिफायर चांगला, स्पीकर त्याहून चांगले. त्या खरेदीला मी बरोबर होतो आणि त्यातल्या एकाही रुपयाबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते तीन महिन्यांनी त्यांनी एकट्याने जाऊन केलेल्या दुसऱ्या खरेदीबद्दल. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी वायर, दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर, किंमत १ लाख १० हजार रुपये. स्पीकरची जोडी ९० हजारांची होती.

"मामा, फरक जाणवला म्हणून घेतलीत का?" मी विचारलं.

"तेव्हा नव्हता जाणवला," ते म्हणाले. दुकानात त्यांनी आधी साधी वायर ऐकली, मग ही ऐकली, आणि मला काही वेगळं वाटत नाही असं सरळ सांगितलं. त्यावर तो विक्रेता अगदी अदबीने म्हणाला होता, "काका, कान तयार व्हायला वेळ लागतो. घरी न्या, दोनशे तास वाजवा. वायरही मोकळी होईल आणि तुमचा कानही."

त्या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे. कान तयार होणं ही आपल्याकडे मोठी गोष्ट आहे. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं, हे ऐकतच आपण वाढतो. मामांनी तरुणपणापासून सवाई गंधर्व महोत्सवात डिसेंबरच्या थंडीत शाल पांघरून भारतीय बैठकीवर रात्री काढल्या आहेत. गवई समेवर कसा येणार हे त्यांना दोन मात्रा आधी कळतं. तंबोऱ्याचा पंचम किंचित उतरला तरी ते अस्वस्थ होतात. अशा माणसाला कुणीतरी सांगितलं की तुमचा कान अजून कच्चा आहे, आणि त्यांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण सांगणाऱ्याच्या पाठीमागे काचेच्या कपाटात लाखालाखाच्या वस्तू मांडलेल्या होत्या. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच. पण इतक्या वर्षांत कमावलेला स्वतःच्या कानावरचा विश्वास ते त्या दुकानात ठेवून आले, याचा मला जास्त राग आहे.

आता वायरकडे येऊ. तांब्याच्या तारेतून वीज वाहताना थोडा रोध होतो आणि तो ओहममध्ये मोजतात. घरातल्या प्लग पॉइंटला आपण २.५ स्क्वेअर एमएमची जी वायर वापरतो, तिचा रोध मीटरला साधारण ०.००८ ओहम. तीन मीटर जाताना आणि तीन मीटर येताना मिळून ०.०४८ ओहम. स्पीकर ८ ओहमचा धरला तर या वायरमुळे आवाज उतरतो सुमारे ०.०५ डेसिबलने. पाव डेसिबलचा फरक पकडणं चांगल्या कानालाही जड जातं, आणि हा तर त्याचा पाचवा हिस्सा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ही वायर मीटरला तीस-पस्तीस रुपयांना मिळते. दोन्ही स्पीकरसाठी एकेरी वायर बारा मीटर लागते, म्हणजे चारशे रुपयांत काम झालं. लाखाची वायर समजा जादूने शून्य रोधाची निघाली, तरी ती तुम्हाला परत देऊन देऊन काय देणार? तेच ०.०५ डेसिबल.

याहून सोपी एक गोष्ट आहे आणि ती सांगितली की बहुतेक लोक थबकतात. स्पीकरच्या आत, कागदी किंवा प्लास्टिकच्या शंकूच्या मागे व्हॉइस कॉइल असते. केसांपेक्षा थोड्याच जाड तारेचे कितीतरी वेढे. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये त्या वेढ्यांचाच रोध सहा ओहमच्या आसपास असतो. त्याच्या अलीकडे क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वरचे आणि खालचे स्वर वेगवेगळे करणाऱ्या भागात, आणखी कॉइल असतात आणि त्यांतही मीटरच्या मीटर साधी तांब्याची तार गुंडाळलेली असते. म्हणजे खास वायरमधून मोठ्या थाटात आलेला प्रवाह शेवटी त्या बारीक, साध्या तारेतूनच जातो आणि तिथेच आवाज होतो. वाटेतल्या तीन मीटरनी जे बिघडतं असं सांगतात, ते त्या बारीक तारेत शंभरपट बिघडायला हवं. त्याबद्दल मात्र कुठलाही विक्रेता बोलत नाही, कारण ती तार बदलून विकता येत नाही.

वायरमुळे कधीच काही होत नाही, असं मी म्हणत नाही. या धंद्याचा उगम खऱ्या गोष्टीतच आहे. १९७०च्या दशकापर्यंत अमेरिकेत स्पीकरबरोबर दुकानदार टेबललॅम्पची बारीक वायर देत आणि विषय तिथे संपे. १९७९मध्ये नोएल ली या अभियंत्याने मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली आणि जाड वायर हा स्वतंत्र माल म्हणून विकायला सुरुवात केली. लांबवर बारीक वायर टाकली तर आवाज खरंच पडतो, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. १९८३ साली 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी पडद्याआडची चाचणी छापली. फार बारीक, २४ गेजची वायर ऐकणाऱ्यांना ओळखता आली. दिव्याची साधी पण जाड, १६ गेजची वायर आणि महागडी वायर यांतला फरक मात्र संगीत ऐकताना ओळखता आला नाही. म्हणजे पुरेशी जाड वायर घ्या, इथे शास्त्र संपतं. या गोष्टीला चाळीस वर्षं उलटून गेली. किमती मात्र तेव्हापासून चढतच राहिल्या आहेत.

त्या चढत्या किमतींना आधार लागतो आणि तो अर्ध्या सत्यांचा असतो. या अर्ध्या सत्यांवर मला थोडं थांबायचं आहे, कारण सुशिक्षित माणूस इथेच फसतो. स्किन इफेक्ट घ्या. जास्त कंपनसंख्येला प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो, हे खरं आहे आणि रेडिओच्या अँटेनाला त्याचा विचार करावाच लागतो. पण माणसाला ऐकू येणाऱ्या सर्वांत वरच्या टोकाला, २० हजार हर्ट्झला, तांब्यात प्रवाह जवळजवळ अर्धा मिलीमीटर खोल शिरतो. २.५ स्क्वेअर एमएमच्या तारेची त्रिज्या पाऊण ते एक मिलीमीटरच्या मध्ये असते. परिणाम नावापुरता. ऑक्सिजनमुक्त तांब्याचंही तसंच. साध्या विजेच्या तारेतलं तांबंही ९९.९ टक्के शुद्ध असतं आणि दोन्हींच्या वाहकतेत एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक असतो. चांदी तांब्यापेक्षा सुमारे ६ टक्के जास्त चांगली वाहक. तेवढी कसर तार ३ टक्के जाड घेतली की भरून निघते.

काही वायरींवर बाण असतो. संगीत या दिशेने वाहू द्या, असा. स्पीकरमधला प्रवाह एका दिशेने वाहतच नाही. पुरुष गायकाने काळी एकचा सा लावला तर तो सेकंदाला सुमारे १३९ वेळा पुढे-मागे होतो. वरचे स्वर हजारो वेळा. एकाच टोकाला आवरण जोडलेल्या काही सिग्नल केबलींमध्ये बाणाला अर्थ असतो, आणि स्पीकरच्या वायरवर तो तिथूनच उचलून आणलेला आहे.

आणि ते दोनशे तास. तांब्याची तार वाजवून मोकळी होत नाही, तिच्यात मोकळं व्हायला काही नसतं. रोज दोन तास ऐकणाऱ्या माणसाला दोनशे तास भरायला शंभर दिवस लागतात. माल परत करायची मुदत तोवर कधीच संपलेली असते. शंभर दिवसांत नव्या वस्तूची सवय होते, तिच्यावर घातलेला पैसा मनात मुरतो आणि आपण फसलो हे कबूल करणं दिवसेंदिवस कठीण होत जातं.

विजेच्या प्लगच्या केबलीही हजारोंना विकल्या जातात. वीज कोयनेच्या पोफळीची असो की चंद्रपूरची, ती शेकडो किलोमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या तारांवरून येते, उपकेंद्रातून, कोपऱ्यावरच्या डीपीतून, मीटरमधून, भिंतीतल्या पाइपातून. शेवटच्या दीड मीटरची केबल तिला शुद्ध करणार म्हणणं म्हणजे मुळा-मुठेचं पाणी शेवटच्या नळाची तोटी बदलून पिण्याजोगं होईल म्हणण्यासारखं आहे. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरल्यावर त्या विजेचं आधी ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठ्या कपॅसिटरमधून सरळ प्रवाहात रूपांतर होतं. सफाई तिथे होते आणि तिची किंमत आपण अ‍ॅम्प्लिफायर घेतानाच मोजलेली असते. आपल्याकडे विजेचे खरे प्रश्न आहेत: व्होल्टेज वर-खाली होणं आणि अर्थिंग नीट नसणं. स्पीकरमधून सतत 'घूं' असा आवाज येत असेल तर आधी सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. काही शे रुपयांत तो आवाज बहुतेक वेळा जातो.

इंटरनेटच्या केबलचा प्रकार तर मला अजूनही समजावून घ्यावा लागतो, इतका तो अचाट आहे. आपण ऐकतो ते गाणं परदेशातल्या सर्व्हरवर असेल तर ते समुद्राच्या तळावरच्या केबलमधून येतं आणि अशा कित्येक केबली मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. आकड्यांच्या पाकिटांनी हजारो किलोमीटर प्रवास केलेला असतो. प्रत्येक पाकिटाबरोबर तपासणीचा एक आकडा असतो. पाकीट बिघडलं तर ते टाकून दिलं जातं आणि पुन्हा मागवलं जातं. सगळं जुळल्यावर ते तुमच्या यंत्राच्या स्मृतीत साठतं आणि तिथून ठरलेल्या वेगाने वाजतं. या साखळीच्या शेवटी, राउटरपासूनच्या दोन मीटरसाठी, हजारो रुपयांची केबल घ्यायला सांगतात. २०१५ साली 'आर्स टेक्निका' या तंत्रविषयक प्रकाशनाने चमत्काराचे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांच्या प्रतिष्ठानाच्या मदतीने लास व्हेगासमध्ये ३०० डॉलरहून महाग अशी एक इथरनेट केबल आणि साधी केबल लोकांना न सांगता ऐकवली. महागडी ओळखता येते, असं त्यातून काहीच निघालं नाही. आकड्यांची केबल खराब असेल तर आवाज तुटतो, चित्रात ठिपके येतात किंवा सगळंच बंद पडतं. तिच्यामुळे गायकाच्या आवाजातला गोडवा कमी-जास्त होत नाही.

इथे मामांसारखी माणसं भोळी आहेत, असा निष्कर्ष कुणी काढला तर त्याला मी कडाडून विरोध करेन. किंमत कळली की आपला मेंदू अनुभवच बदलतो, आणि हे तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या बाबतीत होतं. २००८मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली. ज्यादा किमतीची म्हणून दिलेली वाइन लोकांना जास्त आवडली आणि स्कॅनमध्ये मेंदूचा सुखाशी संबंधित भागही जास्त उजळलेला दिसला. ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच जास्त चव लागली होती. म्हणूनच, मी कानांनी ऐकलं, हा पुरावा पुरत नाही. किंमत आणि नाव नजरेआड करून ऐकलं का, हे विचारावं लागतं.

महाराष्ट्राला ही पद्धत परकी नाही. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या शंभर पत्रिका, मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका, सगळ्या सांकेतिक क्रमांकांखाली. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कोणती कुठल्या गटातली ते सांगायला सांगितलं. बरोबर उत्तरं ४६ टक्के निघाली. नाणं उडवून सांगितलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. या चाचणीत कुणाचा अपमान नव्हता, कुणावर आरोप नव्हता. तुम्ही म्हणता ते तुम्हाला येतं का, एवढंच विचारलं होतं. केबलच्या दुकानात आपण तोच प्रश्न का विचारत नाही?

आवाजाच्या क्षेत्रात तर त्यासाठी ठरलेली रीत आहे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एबीएक्स पद्धतीचं यंत्र मांडलं. तुम्हाला ए ऐकवतात, बी ऐकवतात, हवं तितक्या वेळा. मग एक्स ऐकवतात. एक्स हा त्या दोघांपैकी कोण, एवढंच सांगायचं. सोळा फेऱ्यांत बारा किंवा जास्त बरोबर आली तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता शंभरात चारहून कमी. व्हायोलिनवाल्यांनीही अशी चाचणी दिली आहे. २०१०मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला २१ वादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर काळे चष्मे लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी आणि तीन जुनी इटालियन: दोन स्ट्राडिव्हेरियस आणि एक ग्वार्नेरी. सर्वाधिक पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला, सर्वांत कमी एका स्ट्राडिव्हेरियसला. तीनशे वर्षांची ख्याती असलेल्या वाद्याला जर ही परीक्षा द्यावी लागते, तर गेल्या वर्षी बाजारात आलेल्या वायरने ती का देऊ नये? २००७मध्ये जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरच्या एका केबलजोडीच्या संदर्भात दहा लाख डॉलरचं आव्हान ठेवलं. एक नामांकित समीक्षक तयारही झाले. पण कंपनीने केबल द्यायचं नाकारलं, पुढे अटींवरून वाद झाले आणि चाचणी राहूनच गेली.

आम्ही ती घरी केली. तपकीर गल्लीतून दोन रिले (विजेने हलणारे स्विच), एक बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, एक स्विच आणि जोडणीचे तुकडे आणले. सगळं प्लास्टिकच्या एका डब्यात बसवलं. एका बाजूला मामांची वायर, दुसऱ्या बाजूला चारशे रुपयांची. स्विचची लांब तार बाहेर पॅसेजमध्ये नेली आणि तिथे माझी मुलगी वही घेऊन बसली. ती नाणं उडवायची, लिहायची आणि स्विच चार-पाच वेळा हलवून मग थांबायची, म्हणजे रिलेच्या 'टक' आवाजावरून काही कळू नये. आत मी आणि मामा, दोघांनाही कुठली वायर चालू आहे ते माहीत नाही. मामांच्या ओळखीच्या एक गायनशिक्षिकाही आल्या होत्या. त्यांचा कान तयार आहे याबद्दल पुण्यात कुणी शंका घेणार नाही.

चाचणीच बहिरी नाही ना, हे आधी पाहायला हवं होतं. म्हणून पहिल्या सोळा फेऱ्यांना मी एका बाजूला दारावरच्या बेलची बारीक वायर लावली, दहा-दहा मीटर. बाईंनी सोळापैकी पंधरा वेळा बरोबर ओळखली. "आवाज मागे गेल्यासारखा होतो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. इतक्या लांब, बारीक वायरने दीड-पावणेदोन डेसिबल जातात. मग लाखाची वायर विरुद्ध चारशेची. बाईंची सोळापैकी नऊ, मामांची सात.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दुकानात मी बरोबरच ऐकलं होतं."

या विषयावर बोलू लागलं की नेहमी एक प्रश्न येतो: त्यांना आनंद मिळतो ना, मग तुमचं काय जातं? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. कुणी येवल्याची पैठणी लाखाला घेतली तर मी तिच्या विणीचं कौतुक करेन. विणकराचे महिने त्या पदरावर डोळ्यांना दिसतात आणि पैठणीने थंडी कमी वाजते असं तिथे कुणी सांगत नाही. केबलही दागिना म्हणून विका. सुंदर विणलेली आहे, सोन्याचे प्लग आहेत, कपाटामागे छान दिसते, असं सांगा. माझा एका शब्दाचाही आक्षेप राहणार नाही. पण तिथे विकला जातो तो आवाज: 'मंच रुंद होतो', 'पडदा दूर होतो', 'बेस आवळून येतो'. ही विधानं वस्तुस्थितीबद्दलची आहेत. ती खरी तरी असतात किंवा खोटी तरी.

खोट्या विधानांसाठी आपल्याकडे कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. २०२०मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशी जाहिरात थांबवण्याचा आणि १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे. जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वस्तूची वैज्ञानिक सत्यता किंवा उपयुक्तता फुगवून सांगता येत नाही. मुंबईतल्या जाहिरात मानक परिषदेची संहिताही तपासता येण्याजोग्या दाव्याला पुरावा मागते. केशतेल, फेअरनेस क्रीम, उंची वाढवणारी पेयं यांच्याबद्दल या तक्रारी होतात. स्पीकरच्या वायरबद्दल झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ग्राहक थोडे आहेत, सुस्थितीतले आहेत आणि फसलो असं सांगायची लाज वाटणारे आहेत. ती लाज मोडली पाहिजे. माझी मागणी साधी आहे. आवाज सुधारतो असा दावा करून वायर विकणाऱ्याने दुकानात पडद्याआडचा स्विच ठेवावा आणि ग्राहकाला सोळा फेऱ्या ऐकू द्याव्यात. वायर मोकळी व्हायला दोनशे तास लागतात असं म्हणायचं असेल, तर परतीची मुदत त्याहून मोठी द्यावी.

छोट्या गोष्टींनी आवाज बदलत नाही, असं कुणी माझ्या तोंडी घालू नये. मिरजेचे तंबोरे पाहा, २०२४मध्ये ज्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. घोडीवर तार आणि लाकूड यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. त्या दोऱ्याला किंमत म्हणावी अशी किंमत नाही. पण तो केसभर हलवला की जवारी उघडते, एका तारेतून स्वरांचा झरा फुटतो. खोलीतलं लहान मूलही डोळे मिटून सांगेल की काहीतरी झालं. खरा फरक असा असतो. तो जाणवण्यासाठी दोनशे तास थांबावं लागत नाही.

मामांच्या खोलीतही असा फरक होता, फक्त तो वायरमध्ये नव्हता. खोली दहा बाय बारा फुटांची, खाली गुळगुळीत टाइल्स, समोर काचेचं शोकेस. बारा फूट लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि दहा फुटांत ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो. फोनवरच्या मोजमापाच्या अ‍ॅपने साधारण अंदाज घेतला तर काही जागी बेस दहा-बारा डेसिबल वर चढलेला होता. ०.०५ डेसिबलसाठी लाख रुपये दिले होते आणि हे बारा डेसिबल कुणी पाहिलेच नव्हते. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे आणले, बसायची खुर्ची मागच्या भिंतीला चिकटलेली होती ती सोडवली, शोकेसवर जाड पडदा टाकला आणि जमिनीवर आजीची जुनी गोधडी अंथरली. तबल्याचा डग्गा खोलीभर घुमत होता तो एका जागी आला. मामी स्वयंपाकघरातून येऊन म्हणाल्या, "काय बदललंत? शब्द कळायला लागले."

कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. खाऱ्या हवेत तांब्याची टोकं काळी-हिरवी पडतात, पिना गंजतात आणि एका बाजूचा स्पीकर कुरकुरायला लागतो. वर्षातून एकदा टोकं कापून ताजं तांबं काढा, सॉकेट काँटॅक्ट क्लीनरने पुसा. आणि ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे त्यांनी पिकअपपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची केबल आखूड ठेवावी. तिथे केबलच्या कपॅसिटन्सने, म्हणजे वीज साठवून धरण्याच्या गुणाने, वरचे स्वर खरोखर बदलतात. हे सगळं शंभर-दोनशे रुपयांतलं काम आहे.

कानाच्या डॉक्टरांकडे मामांना मी जवळजवळ ओढतच नेलं. ऑडिओग्राममध्ये त्यांच्या वयाला अपेक्षित तशी वरच्या कंपनसंख्यांची उतरण दिसली, डाव्या कानात थोडी जास्त. डॉक्टरांनी विचारलं, विसर्जन मिरवणुकीत किती तास असता? मामा पथकाच्या बरोबर चालतात, दर वर्षी, ढोलांच्या रांगेला लागून. या वर्षी त्यांनी मेडिकलच्या दुकानातून फोमच्या बोंडांची पाकिटं आणली आणि पथकातल्या पोरांनाही वाटली.

वायर परत घ्यायला दुकानाने नकार दिला. मुदत संपली होती. तक्रारीचा मसुदा मी लिहून दिला आहे, मामा अजून विचार करत आहेत. रिलेचा तो डबा सध्या त्यांच्याकडेच असतो. गेल्या महिन्यात त्यांच्या जुन्या शाखेतले एक सहकारी येऊन तो घेऊन गेले, चार दिवसांनी परत केला, आणि आता तो सोलापूरच्या एका डॉक्टरांकडे जायचा आहे.